तक्त्यात न बसलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत, खिडकीखाली धूळ खात पडलोय. एके काळी माझी काच रोज पुसली जायची, हे आता कुणाला खरंही वाटणार नाही.

शेतकरी कंपनीसाठी बियाणं पिकवतात, त्यांचे पाच-पाच वर्षांचे करार माझ्यातून जात. छापील मजकूर सगळ्यांचा सारखाच. पण आमच्याकडची रीत अशी, की खरं बोलणं व्हायचं ते बांधावर. तिथं ठरलेलं कंपनीचा वसंता पेनाने कराराच्या समासात लिहायचा. भोकरदनकडच्या तुळजाबाईंच्या करारावर त्याने लिहिलं होतं, "गारपीट झाली तर बियाणं द्यायची मुदत वाढेल." शेजारी त्याची सही आणि बाईंचा अंगठा. कागद एकच, तो कंपनीकडेच राही. किती साधी ओळ! माझ्या उजेडात मी ती नीट पाहिली होती.

मग ठरलं, करार कॉम्प्युटरला वाचता आले पाहिजेत. त्यासाठी दोन फॉरमॅट समोर होते. एक म्हणजे सरळ तक्ता: नाव, गाव, वाण, तारीख, बस्स. दुसऱ्यात प्रत्येक कलम त्याच्या शब्दांसकट राही आणि जादा अटीलाही जागा करता येई. काम मात्र दुप्पट. कॉम्प्युटर सांभाळणारी शीतल दुसऱ्यासाठी भांडली.

"सर, समासातलं कुठं टाकू? तक्त्यात त्याला जागाच न्हाई."

"अगं, छापलेलं तेवढं बराबर भर. जल्दी आटप," आमचे मॅनेजर राधेश्याम साहेब म्हणाले.

असा राग आला मला! पण स्कॅनरच्या रागाला कोण विचारतो? तक्ता भरला. जागा अडते म्हणून मी काढलेल्या प्रती पुसल्या, कागद रद्दीत गेले आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले. त्याच वर्षी वसंता वारला.

यंदा गारा पडल्या. तुळजाबाईंचा मिरचीचा प्लॉट झोडपून निघाला. उरलेली मिरची वेचून, वाळवून, बी काढून त्या टेम्पोने आल्या, तोवर मुदत उलटली होती. कॉम्प्युटरने लाल अक्षरांत दाखवलं, करार रद्द.

"आसं कसं? वसंतानं माझ्याम्होरं लिहिलंय, माय!"

"मावशी, तो कागदच राह्यला न्हाई," शीतल म्हणाली.

"सिस्टममध्ये न्हाई, तर मी काय करू?" साहेब मान खाली घालून म्हणाले.

तुळजाबाई माझ्याकडे वळल्या. "ह्या मशिननं पाह्यलंय ना? मंग त्यालाच इचारा." आणि त्यांनी तोच अंगठा माझ्या काचेवर टेकवला.

शीतलने बटण दाबलं. मी जीव तोडून उजेड फिरवला. मला सगळं आठवत होतं, मित्रांनो, सगळं! पण पडद्यावर आला तो नुसता अंगठा. शेजारी ओळ नव्हती.

टेम्पो भरलेली पोती घेऊन परत गेला. त्या वाणाचं बी दुसरी कंपनी घेत नाही.

उद्या तुम्हीही असे साचे निवडाल. तेव्हा आधी बघा, माणसांनी हाताने काय लिहिलंय, आणि त्याला जागा ठेवा. तुळजाबाईंच्या अंगठ्याचा ठसा अजून माझ्या काचेवर आहे. तो पुसायलाही कुणी आलेलं नाही.