नोंदी जोडताना

डेपोत सगळे त्याला पायलट म्हणत. इतक्या वर्षांत त्याच्या बसला साधा ओरखडा नव्हता. तरुणपणी त्याला फिट्स यायच्या हे मात्र तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं, बायकोलाही नाही. उपचार दूरच्या शहरात झाले होते, गोळ्या अजून तिथूनच गुपचूप यायच्या.

देशभरातल्या दवाखान्यांच्या नोंदी एकमेकांना जोडायचं ठरलं, तेव्हा त्याची झोप उडाली. पेशंटची परवानगी लागते हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. त्याने ती दिलीच नाही.

मग एका दुपारी शाळेत लेकीला फिट आली.

वॉर्डात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला असा त्रास आहे का? दोन्हीकडे कुणालाच नाही, असं बायकोने ठामपणे सांगितलं. तो भिंतीकडे बघत राहिला. बाईंनी औषध लिहिलं आणि बजावलं, की क्वचित एखाद्याची कातडी सोलवटते, पुरळ दिसलं तर लगेच सांगा.

पहिल्याच औषधाने त्याची कातडी अशी निघाली होती. मरता मरता वाचला होता. नाव काही केल्या आठवेना.

तो बाईंच्या मागे धावला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी नर्सला औषध थांबवायला लावलं.

"असं करणारी तीन-चार औषधं आहेत," त्या म्हणाल्या. "तुमचं कुठलं होतं ते कळल्याशिवाय हिला काय देऊ? परवानगी द्या, जुनी नोंद आत्ता दिसेल."

"डेपोच्या डॉक्टरांनाही?"

"ड्रायव्हर आहात ना? मग त्यांनाही."

इकडे आड, तिकडे विहीर. वळला तर दारात बायको उभी. तिने सगळं ऐकलं होतं. त्याने मोबाइलवरच्या परवानगीच्या बटणावर बोट टेकवलं.

तेच औषध निघालं. बाईंनी दुसरं दिलं, आणि आठवड्याच्या आत लेक हसतखेळत घरी आली.

त्याचं स्टिअरिंग गेलं. आता तो डेपोतल्या काचेच्या केबिनमध्ये बसून दुसऱ्यांच्या बस पुकारतो. नोकरी सोडावी, तर या वयात दुसरी देणार कोण? घरी बायको कामापुरतं बोलते. एकदा जेवताना तिने विचारलं, "लेकीला मांडीवर घेऊन तुमच्या बसमध्ये मी कितीदा बसले असेन?"

मग ती ताटं उचलायला लागली.