दोन वाजताची नाडी

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून ठेवते. लोकं म्हणतात, झालं गेलं विसरावं. विसरा की तुमी! माझ्यानं न्हाई होत.

सात वर्षांमागं मी हिंगोलीत एका खाजगी दवाखान्यात एएनएम होते. म्हणजे नर्सच, पण खालच्या पायरीची. बाळंतिणींच्या वॉर्डाची इनचार्ज द्वारकाबाई, रजिस्टर्ड नर्स. तिची एक रीत होती. बीपी आणि नाडी दर दोन तासांनी मोजायची असते, पण ही बाई दुपारी बारालाच दोनचा आणि चारचा रकाना भरून मोकळी व्हायची. सगळ्यांचा बीपी एकशेवीस-ऐंशी! जशा काय सगळ्या एकाच साच्यातून काढल्या. आणि तेही स्वतः लिहायची न्हाई. "शिला, लिही गं," म्हणायची, आणि मी येडी लिहायचे.

एक दिवस एका बाळंतिणीला जोराचा रक्तस्राव झाला. बाई वाचली, पण गर्भपिशवी काढावी लागली. कागदावर मात्र सगळं ठणठणीत. नातेवाईक अंगावर आले तेव्हा द्वारकाबाईनं माझ्याकडं बोट केलं. "अक्षर बघा कोणाचं आहे ते. तांड्यावरची पोरगी, हिला काय कळतंय?" माझी नोकरी त्याच दिवशी गेली. जिल्ह्यातल्याच गोरेगावजवळच्या आमच्या तांड्यावर माझ्या आधी बातमी पोचली. जमलेली सोयरीक मोडली. माझा बाप, प्रेमदास राठोड, आठ दिवस घराबाहेर निघाला न्हाई.

मग मी शिकायला गेले. लोकं म्हणायचे, पोरगी जिद्दीची. डोंबलाची जिद्द! नुसता राग होता. नांदेडला बी.एस्सी. नर्सिंगला नाव घातलं तेव्हा मी चोवीसची आणि वर्गातल्या पोरी अठराच्या. मला ताई म्हणायच्या आणि नोट्स माझ्याच मागून न्यायच्या. झोप यायला लागली की मी द्वारकाबाईचं तोंड आठवायचे, झोप पळून जायची. असं करून चार वर्षं काढली. विद्यापीठाची पदवी मिळाली, नर्सिंग कौन्सिलात रजिस्टर्ड नर्स म्हणून नाव लागलं, दोन वर्षं नांदेडलाच नोकरी केली. आणि कान मात्र हिंगोलीकडं.

त्याच दवाखान्यात मेट्रनची जागा निघाली, तशी मी अर्ज टाकला. दवाखान्याचे मालक, मोठे डॉक्टर, वारले होते. त्यांच्या डॉक्टर मुलाला डिग्रीवाली नर्स पाहिजे होती, आणि तो मला ओळखत नव्हता. द्वारकाबाईनं ओळखलं. "अगंबाई, शिला! किती मोठी झालीस!" म्हणत माझ्या गालावरून हात फिरवला. मीबी हसले. आता ती माझ्या हाताखाली होती.

महिनाभर मी नुसती बघत राहिले. रीत तीच होती, फक्त आता रकाने पुजा नावाची नवी एएनएम भरायची. मला पुजा नको होती, मला द्वारकाबाईच्या हातचं अक्षर पाहिजे होतं. म्हणून एका गुरुवारी मी पुजाला लसीकरणाला पाठवून दिलं. सव्वाबाराला जाऊन बघते तर काय, बाईनं सात बाळंतिणींचे दोन आणि चारचे रकाने स्वतःच्या हातानं भरलेले, आणि ती निवांत डबा खात बसलेली.

तिथंच धरलं असतं तर डॉक्टरांनी दोन शब्द सुनावले असते, "चुकलं सर" म्हणून ती सुटली असती. मला तिची नोकरी पाहिजे होती. मी ठरवलं, सातही जणींना आपण मोजायचं, वेगळ्या कागदावर लिहायचं, आणि चारनंतर दोन्ही कागद डॉक्टरांपुढं ठेवायचे. कोणाचं वाईट होणार न्हाई असं मला वाटलं होतं.

दोन वाजता आरोहीला मोजलं. जवळा बाजारची पोरगी, पहिलटकरीण, सकाळीच मोकळी झालेली. बीपी शंभर-साठ, नाडी एकशे आठ. आतून रक्त जात असलं की बीपी पडायच्या आधी नाडी पळते, हे मी चार वर्षं घोकलं होतं. डॉक्टर वरच्या मजल्यावरच होते. पण माझ्या मनात आलं, एवढ्याशा फरकावर द्वारकाबाई म्हणेल, मोजण्यात इकडंतिकडं होतंच. चारपर्यंत फरक वाढला तर ती पुरती सापडेल. गर्भपिशवी आवळावी म्हणून मी पोरीचं पोट चोळलं, पॅड बदललं, आणि डॉक्टरांना बोलावलं न्हाई. व्हय, न्हाई बोलावलं.

तीनला नाडी एकशे अठरा. तिची सासू मंजुळाबाई माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, सून पांढरीफटक दिसून राहिली. काही तकलीफ न्हाई ना?"

"न्हाई मावशी," मी म्हणाले. खोटं बोलताना माझी जीभ अडखळली न्हाई.

चारला बीपी ऐंशी-पन्नास, आणि आरोही हाकेला ओ देईना. मग मी धावले. डॉक्टर आले, चार पिशव्या रक्त गेलं, दोन तास आमी तिच्याशी झटलो. वाचली. गर्भपिशवीबी वाचली. मेली असती तर मी काय केलं असतं, मला अजून माहीत न्हाई.

संध्याकाळी डॉक्टरांनी आमा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. समोर द्वारकाबाईचा कागद. "चारला एकशेवीस-ऐंशी? हे कसं?"

द्वारकाबाईनं रेटून खोटं ठोकलं. "सर, मी स्वतः मोजलं. दोनलाबी, चारलाबी. एकदम बिघडलं हो. पंचवीस वर्षं झाली मला, बाळंतपणात होतं असं."

डॉक्टर मान डोलवायला लागले. होतं असं, हे खरंच होतं. बाई सुटत होती. माझा कागद खिशात होता. तो काढला तर ती खोटी पडणार, पण मला दोनपासून माहीत होतं हेबी उघडं पडणार. न काढला तर ती सुटून घरी जाणार आणि मी मेट्रन राहणार.

माझा हात खिशाकडं गेलेला बघून द्वारकाबाईला काय ते कळलं असावं. हळूच म्हणाली, "शिला, तूबी तिथंच होतीस की. काहून वाढवून राहिलीस?"

मी कागद टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. "हे दोनचं आहे? आणि हे तीनचं?"

"व्हय सर."

"तुम्ही मोजलंत?"

"मीच."

"आणि मला चारला बोलावलंत?"

"व्हय सर."

द्वारकाबाई खुर्चीत बसली, कोणी बस म्हटलं नसताना. डॉक्टरांचा चेहरा लालेलाल झाला होता. "दोघींचीही तक्रार मला कौन्सिलकडे करावी लागेल. सिस्टर, तुमचं रजिस्ट्रेशन जाईल. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय सर. लिहा," मी म्हणाले. "फक्त तिचं नाव पहिलं लिहा, आणि माझ्यासमोर लिहा."