त्यातला बरा प्रकार

एका थापेतून फरशीवाल्याच्या पदरात पडणार होतं ते एवढंच की, जन्मात एकदा त्याला साडूच्या बरोबरीने बसता येणार होतं. आजवर साडूचं घर मोठं, नोकरी पक्की, डोक्यावरचे केससुद्धा शाबूत. आता दोघांच्या घरांत एकाच वर्षी भास-भ्रमांचं एकच दुखणं शिरलं, सायकोसिस. तर त्यातही साडूच्या लेकीला बरा प्रकार निघाला.

हे साडूनेच त्याला समजावून सांगितलं होतं, सोफ्यावर पाय पसरून, लेक बोर्डात आल्यासारखं. परीक्षेच्या दिवसांत तिची झोप उडाली, ती अखंड बडबडायला लागली, टीव्हीवरची बाई माझ्याच लग्नाची बोलणी करतेय म्हणाली. आठवड्याभरात सगळं उघड. असं धाडकन आलेलं बरेचदा लवकर निवळतं म्हणे. "हळूहळू मुरत जातं ना, ते अवघड," साडू म्हणाला आणि फरशीवाल्याच्या पोराकडे त्याने फार प्रेमाने पाहिलं.

फरशीवाल्याचं पोरगं नेमकं मुरत गेलेलं. वर्षभरात ते मित्रांतून उठलं, पुस्तकांतून उठलं, शेवटी जेवणाच्या टेबलावरूनही उठलं. दुकानातल्या फरश्या कुणीतरी मुद्दाम खुणा करून मांडतंय, असं आता ते दबक्या आवाजात सांगायचं.

पण 'माल कालच उतरलाय' हे वाक्य फरशीवाल्याच्या जिभेवर आयुष्यभर बसलेलं. पोराला दाखवायला नेल्यावर, सुरुवात कधी झाली, असं डॉक्टरबाईंनी विचारताच त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "अगदी परवापरवापर्यंत ठणठणीत होता हो." बायकोने टेबलाखालून त्याचा पाय दाबला. त्यामुळे उलट त्याला चेव आला. उडालेली झोप, बडबड, टीव्हीवरची बाई, सगळं त्याने ठोकून दिलं. बाई फक्त लग्नाऐवजी नोकरीचं बोलत होती. तेवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता.

प्रकारावर इतक्यात शिक्का मारायचा नसतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, पण तुम्ही सांगताय त्या अंगाने औषध सुरू करू. त्याच संध्याकाळी फरशीवाला साडूकडे जाऊन आला. आमचंही धाडकनच निघालं, असं सांगून, न विचारता सोफ्यावर पाय पसरून आला.

काही महिने गेले. पोराला उतार पडेना. एके दिवशी बाईंनी तिघांना समोर बसवलं.

"याच्या संशयात आता नवी भर पडलीय," त्या म्हणाल्या. "घरचे माझा भूतकाळ बदलून सांगतात, म्हणतो. टीव्हीवरची बाई मी कधी पाहिलीच नाही, ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरातली आहे म्हणे. कितीही समजावलं तरी हटत नाही. गोळी वाढवावी लागेल."

"बाबा, सांगा की," पोरगा म्हणाला.

गप्प बसावं, तर पोराचं वर्षभरातलं सर्वांत शहाणं वाक्य वेडात जमा होणार. बोलावं, तर बरोबरी गेली. फरशीवाल्याने घासाघीस करून पाहिली. दोघांचंही थोडं थोडं खरं धरता येणार नाही का, असं विचारलं. बाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली.

"ती बाई साडूच्या लेकीची आहे," तो शेवटी म्हणाला. "मी उचलली. याचं वर्षभर मुरतच होतं."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. पोरगा मात्र हसला, कितीतरी दिवसांनी. मग त्याचं हसू विरलं.

"म्हणजे फरश्यासुद्धा तुम्हीच मांडता?"

"नाही रे. देवाशप्पथ, त्या नुसत्या फरश्या आहेत."

पोराने त्याच्याकडे नीट पाहिलं. पटल्याचं एकही चिन्ह चेहऱ्यावर नव्हतं, आणि आता त्याला दोष तरी कोण देणार?

बाहेर येतात तो बाकावर साडू, शेजारी लेक. आपलं बरं आहे म्हणून बापाने गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या आणि टीव्हीवरची बाई परत आली होती. दोन्ही साडू एकाच बाकावर बसले, अगदी बरोबरीने.

एवढ्या सगळ्यात बापांची गेली ती ऐट. पोराचे महिने गेले, पोरीची झोप गेली. आणि बरा प्रकार हवा, असं त्या दोघा पोरांपैकी कुणीच म्हटलं नव्हतं.