डिकीतला गंज

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर काचेच्या दोन नळ्या होत्या. एकीत गडद गुलाबी पाणी, दुसरीत जेमतेम गुलाबी झाक.

"गुलाबी म्हणजे रक्तातला गंज!" गंजउतारे महाराज गरजले. "सकाळचं रक्त हे असं. मी डोक्यावर हात ठेवला, दुपारचं हे असं! मी नाही म्हणत, लॅब म्हणते, सहीशिक्क्यानिशी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सही डॉक्टरताईंची होती. रक्तात रसायन मिसळून गुलाबी रंगावरून ऑक्सिडेशनचा ताण मोजणारी ही तपासणी त्यांच्याच लॅबमध्ये व्हायची आणि नमुने आणायचा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. तपासणी चोख, मग शंका कशाला घ्यायची? पण त्या दिवशी सभेहून परतलेल्या त्यांच्या वडिलांनी हृदयाच्या गोळ्या कचऱ्यात फेकल्या.

"तुझीच सही आहे की, बाळ," ते आपला रिपोर्ट दाखवत कौतुकानं म्हणाले. "गंज उतरला माझा!"

 दुसऱ्या दिवशी ताई लॅबच्या दारातच भावाची वाट बघत उभ्या राहिल्या. त्यानं दुपारच्या नळ्या बर्फाच्या डब्यातून काढल्या. सकाळच्या मात्र स्कूटरच्या तापलेल्या डिकीतून निघाल्या.

"ह्यांना बर्फ का नाही रे?"

तो नजर चुकवत म्हणाला, "महाराजांनीच सांगितलंय. लोकांना बरं वाटतं गं. कुणाचं काय बिघडतं?"

"बाबांचं!"

पुढच्या सभेत ताई मंचावर चढल्या. सर्वांसमोर स्वतःच्या हातातून एकाच वेळी दोन नळ्या रक्त काढलं. एक बर्फात ठेवली, दुसरी उन्हातल्या डिकीत. चावी पहिल्या रांगेतल्या आजोबांकडे दिली. दुपारी तिथेच तपासणी केली. डिकीतल्या रक्ताचा रंग गडद गुलाबी आला, बर्फातल्याचा फिकाच राहिला.

"एकाच हाताचं, एकाच वेळचं रक्त," ताई म्हणाल्या. "महाराजांनी मला शिवलंही नाही. उष्णतेनं रक्त नळीतच बिघडतं. हा गंज अंगातला नाही, डिकीतला!"

"श्रद्धा नसेल तर..." महाराज पुटपुटले.

"बर्फाला कुठं श्रद्धा लागते?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला आणि महाराजांनी मागच्या दारानं काढता पाय घेतला.

ताई हसल्या नाहीत. महाराज परका, त्याचा धंदाच तो. पण भावानं बहिणीची सही वापरून बापाला फसवलं होतं, ते त्यांच्या काळजात रुतून बसलं.

घरी त्यांनी वडिलांच्या तळहातावर गोळी ठेवली. ते ती बराच वेळ उलटसुलट बघत राहिले.

"ही तरी खरी ना, बाळ?"

ताईंचे डोळे भरून आले. "विचारा, बाबा. सही माझी असली तरी विचारा. नमुना कुणी आणला, कुठे ठेवला, सगळं विचारा. आधी विचारलं असतंत, तर मीही वेळेवर डिकीत डोकावले असते."