सुतकातली घंटा

मित्रांनो, उदगीरच्या किल्ल्याकडून बाजाराकडे येताना एका बुटक्या मनोऱ्यात जी लटकलेली दिसते, ती मी. चर्चची जुनी घंटा. माझ्या काठाचा एक टवका उडालेला आहे. ती काही जन्मखूण नव्हे.

मला ओतलं केरळात. लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा दवाखान्यात तिकडच्या नर्सबाया आल्या आणि रस्त्याच्या कामावर तेलंगणातले दगडफोडे. त्यांनी वर्गणी काढून मला रेल्वेने आणलं. दगडफोड्या जोजय्या रोज पहाटे माझा दोर ओढी. गाव माझ्यामुळेच जागं होतं, अशी शेखीही मी मनात मिरवत असे.

मग दोन वर्षं पाऊस रुसला. आड आटले, टँकर सुरू झाला. माझे ठोके पडले, की बायका घागरी घेऊन उठत आणि पाठोपाठ टँकर येई. अशातच कुणीतरी पिल्लू सोडलं, की या परक्यांच्या घंटेने ढग पळतात. आडत दुकानदार संगप्पाने ते उचलून धरलं. एके दिवशी दगड आला आणि माझा टवका उडाला. फार लागलं, खोटं कशाला सांगू?

बुधवारी संगप्पा चौघांना घेऊन आला. "रविवारच्या आत उतरवा. न्हाईतर आम्ही उतरवतो."

जोजय्याची बायको म्हणाली, "उतरवून टाका. आपल्याला इथंच ऱ्हायचंय." जोजय्याला मात्र वाटे, आज घंटा गेली तर उद्या चर्चही जाईल.

तो आठवडा प्रभूच्या मरणाचा होता. आमच्यात गुरुवारी संध्याकाळपासून प्रभू पुन्हा उठेपर्यंत घंटा वाजवत नाहीत, लाकडी फळ्या आपटतात. म्हणून मी गप्प झाले. संगप्पाला वाटलं, घाबरले! त्याने बाजारात पेढे वाटले.

शुक्रवारी पहाटे टँकर आला आणि गेला. गल्ली झोपलेलीच होती. संगप्पाच्या घरचा रांजणही कोरडा राहिला. सकाळी त्याची म्हातारी आई, नागम्मा, रिकामी कळशी घेऊन चर्चच्या दारात उभी राहिली.

"घंटा का वाजली न्हाई रं?"

जोजय्याने आमची रीत सांगितली.

"म्हंजी सुतक हाय म्हणा की! कवा फिटतंय?"

"रविवारी पहाटं, अम्मा. पण तुमचा लेक..."

"मी येते."

रविवारी उजाडायच्या आधीच ती मनोऱ्याच्या पायरीवर येऊन बसली. संगप्पा माणसं घेऊन आला आणि आईला पाहून थबकला.

"अव्वा, ऊठ. हिच्या आवाजानं ढग पळत्यात."

"आपल्या महादेवाची घंटा रोज वाजती. तिनं पळत न्हाईत, अन् हिनं पळत्यात व्हय रं?" मग ती जोजय्याकडे वळली. "सुतक फिटलं न्हवं? वाजव."

जोजय्याने दोर ओढला. मी खणखणीत वाजले. दारं उघडली, घागरी वाजल्या, टँकर आला. ढग काही पळाले नाहीत. आभाळात एकही नव्हता.

नागम्मा भरली कळशी पुढे करून लेकाला म्हणाली, "उचल." संगप्पाने मुकाट्याने उचलली.

त्यानंतरही मला नावं ठेवणारे भेटले. नागम्मा आता नाही, तिची फार आठवण येते. मित्रांनो, शेजारचा आवाज अनोळखी वाटला, तर दगड शोधण्याआधी त्याच्या दारात जाऊन विचारा. नागम्माने तेवढंच केलं होतं. म्हणून मी अजून वर आहे.