थांबले म्हणून ब्रेक चांगला

मी लिफ्ट बोलतेय. व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेची लिफ्ट. आणि आधी माझी तक्रार ऐका, बाकीचं नंतर. मी जीव तोडून सांगत होते आणि एकानंही विश्वास ठेवला नाही. कुरकुरले तर म्हणाले, वय झालं. हिसका दिला तर म्हणाले, नखरे करते. पोरांनी माझं नाव आत्याबाई ठेवलं. घरात एखादी आत्या असते ना, दिवसभर बडबडणारी, जिचं बोलणं कुणी मनावर घेत नाही? तशी मी.

माझं शिक्षण फार नाही. तळमजला ते पाचवा, एवढेच आकडे मला येतात. पण माणसं मी पोटात घेऊन फिरलेय. वर जाताना सगळे आरशात बघतात, केस सारखे करतात, पोट आत ओढतात. खाली येताना पोटही सुटतं आणि तोंडही. साहेब उतरला रे उतरला की दार लागायच्या आत त्याची नक्कल सुरू.

कारखान्यातून आले तेव्हा मी नवरीसारखी चकचकीत होते. दार लागलं तर कळायचं नाही. तेव्हा माझी काळजी घेणारा मेकॅनिक महिन्याला यायचा, वरच्या मोटारीच्या खोलीत जाऊन तेल द्यायचा, ब्रेकचे पट्टे बघायचा. मग संस्थेला स्वस्तातला माणूस मिळाला. तो बोलावलं तर यायचा, आणि यांनी बोलावणं सोडून दिलं. दात दुखेपर्यंत कुणाला दाताची आठवण येते?

संस्थेच्या प्रमुख मॅडम वाईट नाहीत, हे मी आधीच सांगते. शिकवायला तर अशा, की पोरं घंटा झाली तरी उठायची नाहीत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नसतं." फळ्यासमोर ते फार शोभायचं. खुर्चीवर बसल्या, तरी ते वाक्य त्यांनी सोडलं नाही. घोडं तिथंच पेंड खायला लागलं.

त्यांना शिकवलं होतं भाऊसरांनी. तरुणपणी अपघातात पाय अधू झालेले, दोन्ही काखांत कुबड्या, तोंडात सतत थट्टा. सगळे त्यांना भाऊसरच म्हणायचे, मॅडमसुद्धा. त्यांचा वर्ग पाचव्या मजल्यावर, माझ्या दारासमोरच. आत येताना आधी एक कुबडी टेकवायची, मग दुसरी, मग पाय. मी थांबायची. इतरांवर दार आपटलं असेल, त्यांच्यावर कधी नाही.

यंदा माझं पाऊल घसरायला लागलं. मजल्याला थांबले की दार उघडं असतानाच बोटभर खाली. भरलेली असले की जास्तच. शेवटी त्या स्वस्तातल्या मेकॅनिकला बोलावलं. तो वर जाऊन आला आणि हात पुसत म्हणाला, "मॅडम, ब्रेकचे पट्टे संपलेत. नवे मागवून बसवेपर्यंत बंद ठेवा. पंधरवडा धरा."

आणि त्याच पंधरवड्यात मानांकन समिती यायची होती. ही समिती संस्थेला श्रेणी देते. श्रेणी घसरली की प्रवेश घसरतात, प्रवेश घसरले की माणसं घरी बसतात. शिपायापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांची चूल मॅडमच्या गळ्यात. मला बंद केलं तर भाऊसर पाचव्यावर जाणार कसे? त्यांचा वर्ग खाली आणावा, तर तळमजल्याचं सभागृह बाहेरच्या कंपन्यांच्या प्रशिक्षणाला दिलेलं. आणि समितीला दाखवायचा तो भाऊसरांचाच वर्ग.

"मॅडम, ही कैक वर्षं अशीच कण्हतेय," उपसंचालक म्हणाले. "कण्हणारी माणसं जास्त जगतात. माझी सासू बघा."

एके दुपारी मॅडम एकट्याच आत आल्या. आरशात बघून म्हणाल्या, "काय करू गं?" मला विचारलं की स्वतःला, कुणास ठाऊक. मी म्हटलं, बाई, आता उत्तर देतेच. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे मी गच्च उभी राहिले. म्हटलं, घाम फुटू दे, म्हणजे कळेल. त्यांनी दार बडवलं, हाका मारल्या. शेवटी वरून दार उचकटून त्यांना ओढून काढलं.

उपसंचालक काय म्हणाले असतील? "बघा मॅडम! मधल्या मधे कशी धरून राहिली. ब्रेक गेला असता तर थांबली असती का?"

आणि मॅडमच्या चेहऱ्यावर रंग आला. "खरंच की," म्हणाल्या.

मला थुंकता येत असतं तर थुंकले असते. मी ओरडले ते यांनी प्रमाणपत्र म्हणून वाचलं.

तरी मॅडमला झोप नव्हती, डोळ्यांखाली दिसायचं. मग त्यांनी या लोकांची खोड असते तेच केलं. प्रश्न सोडवायचा सोडून त्याचा धडा केला. 'एका हॉटेलची लिफ्ट नादुरुस्त आहे, मोठे पाहुणे येणार आहेत, व्यवस्थापकाने काय करावे?' असा प्रसंग लिहून भाऊसरांच्या वर्गात चर्चेला पाठवला. मी समोर दार उघडं टाकून उभी. पोरांनी फळाभर चौकोन काढले, बाण काढले. एकानं तोटा मांडला, एकानं जोखीम मांडली, एकानं हॉटेलचं नाव बदलायला सांगितलं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बंद करायची. आजच."

"अगं, विश्लेषण कुठंय?" शेजारचा म्हणाला.

"लिफ्ट घसरतेय. हेच विश्लेषण."

वर्ग खदखदून हसला. भाऊसर हसले नाहीत. "बस, पोरी," ते म्हणाले. "गुण तुला कमीच मिळतील. पण माझ्या घरात लिफ्ट असती तर तुझ्या हाती दिली असती."

संध्याकाळी मॅडम आणि ते बरोबर खाली निघाले.

"हॉटेल म्हणे," भाऊसर म्हणाले. "त्या हॉटेलात एक लंगडा पाहुणा पण घालायचास."

मॅडमनी तळमजल्याचं बटण दाबलं.

"बंद कर गं. मी जिन्यानं चढेन. बसत बसत चढेन, त्यात काय? लहानपणी सगळेच तसे चढतात."

"आणि समितीनं ते बघायचं, भाऊसर? तुम्हाला पायऱ्यांवर बसलेलं? काय म्हणतील ते आम्हाला?"

"तुला काय म्हणतील याची चिंता आहे, की मला काय होईल याची?"

"दोन्हीची," मॅडम म्हणाल्या. आणि बाई खोटं बोलत नव्हत्या. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. लबाड माणूस निदान ठरवतो तरी.

शेवटी ठरलं काय? एक उपसमिती नेमायची. आणि माझ्या कपाळावर पाटी लावायची, 'लिफ्ट जपून वापरावी'. बंद नाही, दुरुस्त नाही, जपून. ढासळती विहीर आणि काठावर पाटी!

समिती आली. मला पुसलं, आत अत्तर मारलं. प्रेताला मारतात तसं, माझ्या मनात आलं. सकाळी मी त्यांना थोडे थोडे करून वर नेलं, दात आवळून धरून राहिले. भाऊसरांचा वर्ग असा रंगला की समितीचे अध्यक्ष टाळी वाजवून उठले. मग जेवायला खाली जायची घाई झाली. सगळे एकदमच माझ्यात शिरले. खांद्याला खांदा. वर खोलीत पट्ट्यांचा जळका वास सुटला होता. तो अत्तराखाली कुणाला येणार?

भाऊसर दाराबाहेर उभे राहिले. "तुम्ही व्हा पुढं. मी मागनं येतो. मला घाई नाही आणि भूकही नाही."

"असं कसं, भाऊसर?" मॅडमनी आतून दाराचं बटण दाबून धरलं. अध्यक्षांकडे बघून हसल्या. "या ना. मावेल. तुमच्याशिवाय आम्ही जेवणार आहोत का?"

मानाचं बोलावणं होतं. भाऊसरांनी मान मोडला नाही. एक कुबडी आत टेकवली. मग दुसरी.

मी धरलं होतं, शपथेवर सांगते. पण धरायला काही उरलंच नव्हतं. पाय आत येण्याआधी मी खाली गेले. ते निम्मे माझ्यात आणि निम्मे पाचव्या मजल्यावर. पुढचं मी सांगणार नाही. मॅडमचं बोट तेव्हाही बटणावरच होतं.

आतले सगळे खरचटण्यावर सुटले. दवाखान्यातून भाऊसर परत आले नाहीत.

आता माझी वीज तोडलीय. तळमजल्याला अंधारात उभी आहे. समोर जिन्यावर पावलं वाजतात. आता सगळेच जिन्यानं चढतात, धापा टाकतात, पण कुणी मेलं नाही त्यानं. उद्या मला कापून भंगारात नेणार आणि माझ्या जागी नवी येणार. तिला एवढं सांगा माझ्यातर्फे. पोरी, अडकून दाखवू नकोस. ते म्हणतील, ब्रेक चांगला आहे. आणि तुम्ही, जे आरशात केस सारखे करता, तुमच्या घरातली कुरकुरणारी आत्या काय सांगतेय ते एकदा कान देऊन ऐका.

आज सकाळी माझ्या दारापाशी दोन माणसं उभी होती. चौकशीचा अहवाल पाठवायचा होता.

"जबाबदार कोण, तिथं एक नाव लागेल," उपसंचालक म्हणाले. "मेकॅनिक म्हणेल, मी सांगितलं होतं. उपसमितीत मी आहे. प्रमुख तुम्ही आहात. श्रेणी तर परवाच चांगली लागलीय, मॅडम. आणि पाटी लावलेली होतीच ना? जपून वापरा म्हणून?"

मी वाट बघत राहिले. आता ठरलेलं वाक्य येईल, एकच बरोबर उत्तर नसतं. वर्ग भरवतील, फळा भरतील, चर्चा होईल. त्या वाक्याचा मला इतका राग, पण आज ते ऐकायला मी आसुसले होते. निदान नाव लिहिणं एक दिवस तरी लांबलं असतं.

मॅडम माझ्या बंद दाराकडे बघत होत्या. दार पुसून चकचकीत केलेलं, त्यात त्यांना त्यांचाच चेहरा दिसत असणार. त्यांनी केस सारखे केले.

"लिहा," त्या म्हणाल्या. "भाऊसर."