मावशीला सांगितलेली गोष्ट

रेक्टरबाईंच्या घराला दोन दारं होती. पुढचं वसतिगृहाच्या ऑफिसात उघडायचं, मागचं स्वयंपाकघरात. पुढच्या दारानं मुली गाऱ्हाणी घेऊन यायच्या, पंखा बंद, पाणी गार. मागच्या दारानं फक्त ठकी यायची, कारण ती वसतिगृहातली असली तरी बाईंच्या सख्ख्या बहिणीची लेक. चारचौघींत तीही "मॅडम" म्हणायची, पण मागच्या दाराशी चपला काढल्या की लगेच "मावशी, खायला काय आहे?"

त्या दुपारी तिनं खायला मागितलं नाही. ओट्याला टेकून म्हणाली, कुणाला सांगणार नसशील तर सांगते. बाई भाजी चिरत होत्या. अगं, मी कशाला कुणाला सांगू, असं बोलून गेल्या. जिभेला कुठे हाड असतं!

मग ठकी बोलली. प्रयोगशाळेतला मुलगा, दोन वर्षांचा मित्र. अभ्यासाला म्हणून त्याच्या खोलीवर गेली, त्यानं जवळ ओढलं, आणि हिचं अंग जे थिजलं ते थिजलंच. "मी नाही म्हटलं नाही गं मावशी. पण हो तरी कुठे म्हटलं होतं?"

बाईंनी सुरी टाकून तिला पोटाशी धरलं. तक्रार करायची नाही, परीक्षा देऊन मोकळं व्हायचंय, एवढंच पोर परत परत सांगत राहिली.

आता बाईंची गोची ऐका. दरवर्षी नव्या मुलींना त्या ठणकावून सांगत, की 'मौनं संमतिलक्षणम्' म्हणणारा गेला खड्ड्यात, गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. विद्यापीठाचे नियम ठरले तेव्हाही त्या हिरिरीनं भांडल्या होत्या. आधीच्या रेक्टरनं एका मुलीचं प्रकरण गुपचूप दाबलं होतं, तो राग डोक्यात होता. म्हणून हट्टानं कलम घालून घेतलं: कर्मचाऱ्याच्या कानावर असं काही आलं, तर त्यानं तक्रार समितीला कळवलंच पाहिजे, नात्यागोत्याची सबब चालणार नाही, आणि कळवलं की चौकशी होणारच. मुलीचीच इच्छा नसेल तर, असं कुणीतरी विचारलं होतं. बाईंनी त्याला झापलं होतं, की दाबणाऱ्यांना हीच पळवाट लागते.

इकडे आड, तिकडे विहीर. गप्प बसावं तर आपण आणि ती आधीची रेक्टर एकाच माळेचे मणी. शिवाय तो मुलगा उद्या दुसऱ्या पोरीला ओढेल. बाईंनी कळवलं, आणि संध्याकाळी ठकीला तसं सांगितलं. ठकी रडली नाही की भांडली नाही.

"मी मावशीला सांगितलं होतं," ती म्हणाली. "रेक्टरला नाही."

समितीची बैठक भरली तोवर गोष्ट साऱ्या वसतिगृहात पसरली होती. अध्यक्षबाई वाईट नव्हत्या हो, उलट फार मायेनं बोलल्या. पाणी दिलं, घाई नाही म्हणाल्या. मग विचारलं, चौकशी सुरू करू ना? ठकी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. पुन्हा विचारलं. ठकी गप्पच. अध्यक्षबाईंनी जरा वाट पाहिली आणि कारकुनाला हळूच सांगितलं, हरकत नाही असं लिहा.

भिंतीशी बसलेल्या रेक्टरबाई ताडकन उठल्या. "ती हो म्हणालेली नाही."

"मॅडम, बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तिच्या होकाराची गरज नाही, हे तुम्हीच घालून घेतलंय. आम्ही आपलं रीत म्हणून विचारलं."

बाई बसल्या. बसण्यावाचून करणार तरी काय? स्वतःच्याच हातानं बांधलेली गाठ, ती दातांनीही सुटेना. ठकीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर बाईंनी मागच्या दाराला दिवसा कडी लावणं सोडून दिलं. भाजी चिरताना कान तिकडेच असायचे.

ठकी आली ती पुढच्या दारानं, इतर मुलींच्या रांगेत उभी राहून. नंबर आल्यावर तिनं कागद पुढे केला.

"मॅडम, खोली सोडायची आहे. तुमची सही लागेल."

बाईंना खूप काही म्हणायचं होतं. पण मागे मुली उभ्या होत्या, आणि ठकीनं चपला काढल्या नव्हत्या. त्यांनी सही केली.